बांधकाम तंत्रज्ञानातला स्टार्टअप वाढवताना: सही कोणाची, जोखीम कोणाची?

ओळंबा

नमस्कार मंडळी,

स्टार्टअपमधल्या नेतृत्वावर बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक ऑनलाइन विक्री, पैशांचे व्यवहार किंवा ऑफिसात वापरायच्या सॉफ्टवेअरभोवती फिरतं. बांधकामासाठी तंत्रज्ञान बनवणाऱ्या कंपन्यांचा व्यवहार निराळा आहे. अशी एक कंपनी मी काही सहकाऱ्यांबरोबर सुरू केली आणि मोठी होताना पाहिली. त्यातून माझं जे मत बनलं ते मांडतो. या क्षेत्रातल्या लोकांनी खोडून काढलं तरी चालेल, चर्चा व्हावी एवढीच इच्छा आहे.

आमचं काम म्हणजे काँक्रीटमध्ये बसवायचे सेन्सर आणि त्यावरून ताकदीचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काँक्रीटची ताकद सहसा त्याच काँक्रीटचे नमुने, म्हणजे क्यूब किंवा सिलिंडर, फोडून तपासतात, ७ दिवसांनी आणि मग २८ दिवसांनी. पण स्लॅबखालचं सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला आधार देणारा तात्पुरता साचा) कधी सोडायचं, पोस्ट-टेन्शनिंगच्या केबल (काँक्रीट घट्ट झाल्यावर ताणायच्या पोलादी तारा) कधी ताणायच्या, हे त्याआधीच ठरवावं लागतं. क्यूब प्रयोगशाळेत ठरावीक तापमानाच्या पाण्यात असतो आणि स्लॅब उघड्यावर. तापमान वेगळं, म्हणून ताकद चढण्याचा वेगही वेगळा. ओतण्याआधी सळईला सेन्सर बांधला आणि तापमान व वेळ यांची सलग नोंद घेतली, तर प्रत्यक्ष त्या स्लॅबची ताकद कुठवर आली आहे याचा चांगला अंदाज येतो. याला मॅच्युरिटी पद्धत म्हणतात. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेचं सी १०७४ हे तिचं मानक आहे, म्हणजे पद्धत आमच्या घरची नाही.

आता फायदा कोणाला, ते बघा. ठेकेदाराचं सेंट्रिंग लवकर मोकळं होतं. मालकाला इमारत लवकर मिळते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला काय मिळतं? काहीही नाही. उलट सेंट्रिंग सोडायच्या परवानगीवर सही त्याची असते. उद्या काही झालं तर चौकशीत त्याला उभं राहावं लागेल, आम्हाला नाही. तो ‘नको’ म्हणाला की आमच्या क्षेत्रातले लोक एक ठरलेलं वाक्य बोलतात: बांधकामवाले नव्या गोष्टींना विरोध करतात. हे वाक्य मला मनापासून खटकतं. तो माणूस आपल्या सहीची किंमत ओळखून वागत असतो.

माझं म्हणणं असं की बांधकामात येणारं जवळजवळ प्रत्येक नवं साधन काम वाचवताना जबाबदारीही इकडची तिकडे सरकवतं. ती कोणाकडून कोणाकडे जाते आहे हे कंपनीच्या प्रमुखाने विक्रीच्या आधी ओळखलं पाहिजे. हे काम विक्री विभागाचं नाही, कायदा सल्लागाराचंही नाही. तुम्ही स्वतः त्या इंजिनिअरसमोर बसून विचारायचं: सही करण्यासाठी तुमच्या हातात काय असायला हवं?

या प्रश्नाची उत्तरं मिळत गेली तसं आमचं उत्पादन बदललं. इंजिनिअरला निव्वळ हिरवा दिवा नको होता. त्याला मूळ तापमानाची नोंद, कॅलिब्रेशनचा (नोंद आणि प्रत्यक्ष ताकद यांचा चाचणीने घातलेल्या मेळाचा) कागद आणि ते कोणत्या मिक्सवर, म्हणजे काँक्रीटच्या कोणत्या मिश्रणावर केलं याचा दाखला हवा होता. मॅच्युरिटीचा आलेख एका विशिष्ट मिक्सपुरताच खरा असतो. सिमेंट बदललं, फ्लाय ॲशचं (मिश्रणात घालायच्या कोळशाच्या राखेचं) प्रमाण बदललं की तो बाद. म्हणून आम्ही ठरवलं की मिक्स बदलल्याची नोंद आली आणि नवं कॅलिब्रेशन नसेल, तर सॉफ्टवेअर ताकदीचा आकडा दाखवणारच नाही. विक्रीच्या लोकांना हे अजिबात आवडलं नाही. ग्राहकाने पैसे मोजलेत आणि पडद्यावर जागा रिकामी, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते. पण ही रिकामी जागा बघूनच काही इंजिनिअर आमच्याकडे वळले. जो माहीत नसताना गप्प बसतो, त्याच्या आकड्यावर सही करायला धजावता येतं.

दुसरी गोष्ट वेळेची. सॉफ्टवेअरच्या टीमला दोन आठवड्यांत निकाल हवा असतो. इमारतीचं काम दोन-तीन वर्षं चालतं. आपलं साधन खरंच उपयोगी पडलं का, हे कित्येकदा हँडओव्हरच्या वेळी, हिशेबाची भांडणं मिटतात तेव्हाच कळतं. या दोन घड्याळांच्या मधे उभं राहणं, टीमला निरुत्साही होऊ न देणं आणि गुंतवणूकदारांना खोटे टप्पे न दाखवणं यात प्रमुखाची बरीचशी शक्ती जाते.

तूर्त इतकंच. बाकी प्रतिसादांत.

---

गुण्या

लेख आवडला. मी ठेकेदाराच्या बाजूचा, मजल्यांची कामं घेतो. सहीचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण एक माणूस तुमच्या हिशेबातून सुटला: मुकादम.

माझ्या साइटवर मालकाचं एक ॲप, मुख्य कंत्राटदाराचं दुसरं, सुरक्षेचं तिसरं. आज किती माणसं, किती सळई बांधली, कुठे काम अडलं, हीच माहिती तिन्हीकडे भरायची. भरतो कोण? मुकादम किंवा ज्युनिअर इंजिनिअर, दिवसभर उन्हात उभं राहून झाल्यावर. त्यावरून सुंदर आलेख निघतात ते कोण बघतं? ज्याने आयुष्यात सळई बांधली नाही तो. मुकादमाला त्यातून परत काय मिळतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. म्हणून तो संध्याकाळी अंदाजे आकडे टाकून मोकळा होतो, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

स्टार्टअप काढणाऱ्यांनी आधी हे ठरवावं. माहिती देणाऱ्याला त्याच दिवशी काहीतरी परत मिळालं पाहिजे.

---

ताळेबंद

धागा चांगला आहे, पण संयमाच्या मुद्द्यावर थोडी दुसरी बाजू मांडतो. मी गुंतवणुकीच्या क्षेत्रात आहे.

‘बांधकाम हळू चालतं’ हे कारण पुढे करून हळू चालणाऱ्या कंपन्याही मी पाहिल्या आहेत. प्लॅनग्रिडचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि २०११ मध्ये ही कंपनी सुरू झाली. सहसंस्थापक ट्रेसी यंग स्वतः बांधकामावर इंजिनिअर म्हणून काम केलेली. अडचण अगदी नेमकी पकडली होती: साइटवर कागदी ड्रॉइंगचे गठ्ठे, त्यात जुनी रिव्हिजन कुठली आणि नवी कुठली याचा पत्ता नाही, आणि जुन्या रिव्हिजनवर काम झालं की तोडफोड. त्यांनी ड्रॉइंग टॅब्लेटवर आणली, चटकन उघडतील आणि ताजीच दिसतील अशी. २०१८ मध्ये डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कने ८७.५ कोटी डॉलरला कंपनी घेण्याचं जाहीर केलं. ही सात वर्षं म्हणजे या क्षेत्राच्या मानाने झपाट्याची वाढ.

म्हणजे इमारतीचं काम तीन वर्षं चालतं म्हणून उत्पादन सिद्ध व्हायलाही तीन वर्षं लागतात असं नाही. ड्रॉइंग उघडलं की नाही हे त्याच क्षणी कळतं. ज्याचा उपयोग रोज दिसतो असा तुकडा निवडणं हेही नेतृत्वच आहे.

आणि गुण्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथे आहे. जो ॲप उघडत होता त्यालाच फायदा मिळत होता.

---

ओळंबा

@ताळेबंद, मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मूळ म्हणण्याला धरूनच आहे. ड्रॉइंग टॅब्लेटवर आल्याने कोणाच्या सहीवर नवा भार आला नाही. उलट ‘मला नवी रिव्हिजन मिळालीच नाही’ हा वाद कमी झाला. जिथे जबाबदारी फारशी हलत नाही तिथे वेग घेता येतो. काँक्रीटची ताकद सांगणं, क्रेनच्या हालचाली ठरवणं, वेल्डिंगची तपासणी यंत्रावर सोपवणं या जागी तो वेग मिळत नाही. आपलं साधन यातलं कुठलं, हे ओळखून गुंतवणूकदाराला पहिल्याच बैठकीत सांगावं.

@गुण्या, अगदी बरोबर. आम्ही सेन्सरची नोंद आपोआप घेतो म्हणून भरण्याचा त्रास कमी, पण सेन्सर बांधायचा तर सळईवाल्यालाच. त्याच्या दृष्टीने ते बिनपैशाचं जास्तीचं काम. आम्ही ते ठेकेदाराच्या करारात स्वतंत्र बाब म्हणून टाकायचा आग्रह धरला, म्हणजे त्याचे पैसे मिळतील. काही ठिकाणी मालकाने मान्य केलं, काही ठिकाणी नाही. जिथे मान्य केलं तिथे सेन्सरच्या वायरी तुटण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालं.

---

पिवळं_हेल्मेट

साइट इंजिनिअर आहे, लिहिते कमी, पण इथे राहवलं नाही.

सुरक्षेच्या साधनांबद्दल कोणीतरी बोला. कॅमेरे, हेल्मेटमधले सेन्सर, कोण कुठे किती वेळ उभा होता याच्या नोंदी. विकणारे सांगतात की अपघात कमी होतील. होऊ शकतात, मी नाकारत नाही. बांधकामात उंचावरून पडणं हे मृत्यूचं फार मोठं कारण आहे आणि कठड्याची फळी निघालेली कॅमेऱ्याने वेळेत दाखवली तर जीव वाचतो.

पण मी काम केलेल्या एका साइटवर त्याच नोंदी वापरून माणसांची मजुरी कापली गेली. ‘इतका वेळ एका जागी होतास’ म्हणून. तेव्हापासून कोणी थोडक्यात निभावलेल्या प्रसंगाची खबर देईना. पाय घसरला पण वाचलो, वरून पाना पडला पण लागला नाही, हे प्रसंग पुढचा अपघात टाळायला सर्वात कामाचे असतात. ते सांगणं थांबलं की कितीही कॅमेरे लावा, साइट आंधळी होते.

माझा प्रश्न कंपनी काढणाऱ्यांना आहे. तुमचं साधन ग्राहक असं वापरणार हे कळलं, तर तुम्ही काय करता? की साधन विकलं, पुढे ज्याचं तो जाणे?

---

गुण्या

+१. हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत ताई.

---

ओळंबा

@पिवळं_हेल्मेट, आमचं साधन माणसांवर नजर ठेवत नाही, त्यामुळे हा पेच आमच्यासमोर थेट आला नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. साधन काय नोंदवतं, किती दिवस ठेवतं आणि कोणाला दाखवतं, हे तीनही निर्णय बनवणाऱ्याच्या हातात असतात. कठड्याची फळी निघाली हे सांगायला तिथे कोण उभा होता त्याचं नाव लागत नाही. चेहरे धूसर करता येतात, नोंदी व्यक्तीऐवजी जागेनुसार ठेवता येतात. हे आधी केलं तर ग्राहकाने मजुरी कापायचं म्हटलं तरी त्याच्याकडे तशी माहितीच नसते. नंतर करारात एक कलम घालून हे साधत नाही, कारण तो करार साइटवर कोणी वाचत नाही.

असं केल्याने काही ग्राहक जातील. जावेत. कंपनी लहान असतानाच हे ठरवावं लागतं. मोठ्या ग्राहकावर पगार अवलंबून राहायला लागले की ‘नाही’ म्हणणं फार जड जातं.

---

निळा_कागद

चर्चा वाचून कटेराची आठवण झाली. २०१५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली कंपनी. संस्थापकांपैकी मायकेल मार्क्स आधी फ्लेक्सट्रॉनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनातल्या मोठ्या कंपनीचे प्रमुख होते. विचार असा की कारखान्यात वस्तू बनतात तशा इमारती बनवायच्या: डिझाइन आपलं, साहित्याची खरेदी आपली, भिंती आपल्या कारखान्यात, ठेकेदारही आपणच. सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूक कंपनीसकट अनेकांचे मिळून सुमारे २ अब्ज डॉलर आले. आर्किटेक्टच्या फर्म विकत घेतल्या, ठेकेदार कंपन्या घेतल्या, सीएलटीचा (आडवे-उभे थर चिकटवलेल्या लाकडी फलकांचा) मोठा कारखाना टाकला. जून २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

ओळंबा, तुमच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी सगळ्यांच्या सह्या एकदम आपल्या अंगावर घेतल्या. पारंपरिक पद्धतीत चूक झाली तर आर्किटेक्ट, ठेकेदार, पुरवठादार असे ती वाटून घेणारे असतात. भांडतात, पण वाटली जाते. इथे प्रत्येक उशीर आणि प्रत्येक जादा खर्च एकाच ताळेबंदात येऊन पडला.

पण म्हणून कारखान्यात घरं बनवणं ही कल्पनाच चुकीची, असं कोणी म्हणू नये. जपानमध्ये सेकिसुई हाउस १९६० पासून हेच करते आहे. स्वीडनमध्ये स्वतंत्र घरांपैकी बहुतांश कारखान्यात बनलेल्या भागांतून उभी राहतात. या लोकांनी एकाच प्रकारची घरं, एकाच बाजारात, दशकानुदशकं सुधारत नेली. कटेराने काही वर्षांत अनेक प्रकारच्या इमारती आणि अनेक बाजार एकदम धरले.

---

ताळेबंद

@निळा_कागद, सहमत, पण फक्त ‘घाई केली म्हणून बुडाले’ एवढ्यावर थांबू नये. ब्रिटनमध्ये लीगल अँड जनरलने २०१६ मध्ये घरं बनवायचा कारखाना काढायचं जाहीर केलं. विमा आणि पेन्शनच्या पैशातली कंपनी, म्हणजे झटपट परतावा मागणारा स्टार्टअप गुंतवणूकदार नव्हे. तरी २०२३ मध्ये नवं उत्पादन थांबवलं. त्याच वर्षी कारखान्यात घरं बनवणारी इल्के होम्सही बंद पडली. कारखान्याचा खर्च दर महिन्याला सुरू असतो आणि घरांच्या परवानग्या महिन्याच्या हिशेबाने येत नाहीत. परवानगी लांबली की साधा ठेकेदार माणसं दुसऱ्या कामावर हलवतो, कारखाना कुठे हलवणार?

प्रमुखाने हे कागदावर मांडून बघायला हवं: काम सहा महिने आलंच नाही तर कंपनी तग धरेल का? बांधकामात काम सहा महिने न येणं ही नेहमीची गोष्ट आहे.

---

वाटसरू

सगळं वाचतोय, फार शिकायला मिळतंय. मी आणि माझी मैत्रीण मिळून ठेकेदारांच्या बिलांची मोजमापं तपासणारं सॉफ्टवेअर बनवतोय. दोन प्रश्न आहेत. पहिली माणसं कुठली घ्यावीत, सॉफ्टवेअरची की साइटवरची? आणि पैसे प्रत्येक वापरणाऱ्यामागे घ्यावेत का?

---

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नापुरतं. वापरणाऱ्यामागे पैसे घेतले की ग्राहक लॉगिन वाचवायला बघतो. मग एकाच लॉगिनवर पाच जण काम करतात आणि नोंद कोणी केली हे कळत नाही, जे तुमच्या बिलांच्या कामात फारच वाईट. बांधकाम व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रोकोअरने ग्राहक वर्षाला किती रकमेचं बांधकाम करतो त्यावर दर ठेवला आणि वापरणाऱ्यांची संख्या मोकळी सोडली. त्यामुळे उपठेकेदार, सल्लागार सगळे आत येऊ शकले. त्यांनाही वेळ लागलाच. कंपनी २००२ ची, साइटवर धड इंटरनेट नसण्याच्या काळातली, आणि शेअर बाजारात आली २०२१ मध्ये.

---

ओळंबा

@वाटसरू, पहिल्या प्रश्नाबद्दल. दोन्ही लागतील, पण खरा प्रश्न साइटवरून आलेल्या माणसाला अधिकार कोणता देता हा आहे. बऱ्याच कंपन्यांत त्याला सल्लागाराची खुर्ची असते. बैठकीत मत विचारतात, निर्णय बाकीचे घेतात. वर्षभरात तो कंटाळून परत साइटवर जातो.

आमच्याकडे अशा सहकाऱ्याला सॉफ्टवेअरचं नवं रूप रोखण्याचा हक्क दिला. कारण सांगतो. मोठा स्लॅब ओतायला घेतला की मधेच थांबता येत नाही. थांबलात आणि आधीचा थर घट्ट होऊ लागला की कोल्ड जॉइंट पडतो, तो पुढे गळतीचं किंवा कमकुवतपणाचं कारण होतो. ओतणं कित्येकदा रात्री चालतं. त्या वेळी आमचं सॉफ्टवेअर नव्या बदलामुळे अडलं तर साइटवर उभ्या माणसाने काय करायचं? कार्यालयात बसून हे लक्षात येत नाही, कारण तिथे शुक्रवार संध्याकाळ म्हणजे कामाचा शेवट. त्या सहकाऱ्याने नियम घातला: ग्राहकाच्या कुठल्याही साइटवर मोठं ओतकाम ठरलेलं असेल त्या काळात बदल जाणार नाही, आणि टीममधलं कोणीतरी फोनवर जागं असेल. तरुण मुलांची कुरकुर झाली. मग त्यातल्या प्रत्येकाला एकदा रात्रीच्या ओतकामाला नेलं. पंप सुरू आहे, ट्रक रांगेत आहेत, व्हायब्रेटरवाला घामाघूम आहे, हे बघितल्यावर नियमाबद्दल पुन्हा चर्चा करावी लागली नाही.

तुमच्या बिलांच्या सॉफ्टवेअरबद्दलही हाच विचार करा. मोजमापावर सही कोण करतो, आणि तुमचा आकडा त्याच्या आकड्याहून वेगळा आला तर तो कोणाच्या बाजूने उभा राहील?

---

वाटसरू

मालकाच्या बाजूचा बिलिंग इंजिनिअर सही करतो. आमचा आकडा वेगळा आला तर... खरं सांगायचं तर तो अडचणीत येईल. आधीच्या बिलांवरही त्याचीच सही आहे.

---

ओळंबा

मग त्याला भेटायला जा, आणि पहिल्या भेटीत सॉफ्टवेअर दाखवू नका. जुन्या बिलांना हात न लावता पुढच्या बिलापासून सुरुवात करता येईल का ते बघा. आकडा आधी फक्त त्यालाच दिसावा, सही करण्यापूर्वी, म्हणजे दुरुस्ती त्याच्या हातून होईल.

---

गुण्या

यात एक भर. तोच आकडा त्याच वेळी ठेकेदारालाही दिसू दे. आमचं बिल कापलं जातं तेव्हा कुठल्या बीमचं मोजमाप धरलं आणि कुठलं नाही हे आम्हाला अनेकदा महिनाभर कळत नाही. पैसे अडकलेले, आठवड्याची मजुरी तर वाटायचीच. एकूण बिलात थोडं कमी आलं तरी ते का कमी आलं हे त्याच दिवशी समजलं, तर तुमचं सॉफ्टवेअर मी स्वतःहून मागेन.

---

वाटसरू

@गुण्या, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आम्ही ठेकेदाराला फक्त मंजूर झालेली रक्कम दाखवणार होतो. बीमनिहाय यादी दाखवायची तर ती मोबाइलवर वाचता येईल अशी मांडावी लागेल. तुमच्या सवडीने व्यक्तिगत निरोपातून बोलूया का?

---

गुण्या

जरूर. रविवारी सकाळी मोकळा असतो. एखादं जुनं बिल आणि त्याचं मोजमापाचं पान सोबत ठेवतो, त्यावरच बोलू.